डेन्झिलची बाजू

काठावरचा दगड उलटायचा तो हलक्या हातानं. धसमुसळेपणा केला की पाणी गढूळ होतं आणि खाली जे बघायचं असतं ते पसार होतं. आर्वो साल्मेलानं रबरी बूट घोटाभर पाण्यात रोवले, कण्हत खाली वाकला आणि दगड अलगद कलंडवला. खाली नांगीवाला झिंगा बसला होता. त्यानं दोन्ही नांग्या उगारून ह्या शहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला दम भरला.

"तपकिरी," आर्वो मोठ्यानं म्हणाला.

आणि थांबला. तीस वर्षं ह्या शब्दाला धक्क्यावरून उत्तर यायचं, "तपकिरी कुठला? हिरवा आहे हिरवा! डोळे आहेत की कोटाची बटणं?" मग तो आणि डेन्झिल ट्रेम्बाथ, दोघं मिळून झिंगा उन्हात धरायचे, भांडायचे, भांडण संपलं की त्या रंगाचं आमिष डब्यातून शोधायचे. टॅमरॅक तलावातला स्मॉलमाउथ बास मासा सप्टेंबरअखेर झिंग्यांवर जगतो. झिंगा ज्या रंगाचा, त्याच रंगाची रबरी नळी गळाला लावायची, मागे झालर असलेली, आणि तळावरून फरफटत न्यायची. चमकत्या चमच्यांनी आणि पिसांच्या गोंड्यांनी जूनमधले मूर्ख मासे फसतात. थंडीच्या तोंडावरचे नाही.

आज धक्क्यावर फक्त बादली होती.

"तपकिरीच," त्यानं बादलीला सांगितलं.

दहा ऑक्टोबरला मिलवॉकीहून मुलगा येणार होता. घराचा सौदा झाला होता, बोट शेजाऱ्याला कबूल केली होती.

"इथंही तलाव आहे की, बाबा," मुलगा फोनवर म्हणाला होता. "समुद्राएवढा."

"पलीकडचा काठ दिसतो?"

"नाही दिसत."

"मग खूण कशावर लावू?"

मुलाला ते कळलं नाही. तो पडद्यांच्या मापांबद्दल बोलू लागला.

हातात राहिले होते बारा दिवस, आणि आर्वोच्या मनात एकच गोष्ट होती. एकदा, शेवटचं, ओट्यावर जायचं.

ओटा म्हणजे तलावाच्या मध्यावर पाण्याखाली असलेला खडक. स्वयंपाकघरातल्या ओट्याएवढाच, पण तीस फूट खोल पाण्यातून सरळ वर अकरा फुटांपर्यंत आलेला. भोवती मैलभर नुसता चिखल. त्यामुळे आसपासचे सगळे मोठे बास शरदात तिथं गोळा होतात. तो सापडला होता योगायोगानं आणि राखला होता अकलेनं. कागद गिरणीतली पाळी संपवून बारमध्ये बसलं की माणसाची जीभ सैल होते, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून त्यांनी गुपिताचे दोन तुकडे केले. आर्वो मागे मोटरच्या दांड्याशी पूर्वेकडे तोंड करून बसायचा. त्याची खूण तिकडची, म्हणजे काठावरच्या दोन गोष्टी एकामागे एक जुळवून धरलेली रेष. ती धरून बोट सरळ पश्चिमेला न्यायची. डेन्झिल पुढच्या टोकाला बसून उत्तरेचा काठ बघायचा. त्याची खूण जुळली की तो ओरडायचा, "टाक!" आणि नांगर स्वतःच टाकायचा, कारण नांगर त्याच्याच पायाशी असे. एकानं दुसऱ्याच्या बाजूला बघायचं नाही. नांगर पडल्यावरसुद्धा आर्वोचा गळ दक्षिणेला, डेन्झिलचा उत्तरेला. जीभ घसरलीच तर अर्धंच घसरेल.

मग तीन वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा आला. दहा फेऱ्या झाल्या आणि दहाही वेळा डेन्झिलचं "टाक" चुकलं. नांगर चिखलात. त्याच दिवसांत बर्निसच्या दुकानात रिसॉर्टच्या वाटाड्याचा, रिकचा, फोटो लागला होता. हातात सहा पौंडांचा बास. आणि डेन्झिल त्याच रिकबरोबर बिअर पिताना आर्वोला दिसला होता. दहाव्या फेरीला आर्वोचा संयम सुटला.

"कितीला विकलास?" त्यानं विचारलं.

डेन्झिल काही बोलला नाही. धक्क्याला बोट लागल्यावर त्यानं थर्मास उचलला आणि चालता झाला. तेव्हापासून बोलणं बंद. मागच्या वर्षी पडून त्याचं कंबरेचं हाड मोडलं, लेकीनं त्याला शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवलं, तेही आर्वोला तिसऱ्याकडून कळलं.

एकट्यानं ओटा शोधायला तो कितीदा तरी गेला होता. आपली अर्धी खूण धरून नळी तळावरून ओढत जायचा. एकदा, एकदाच, गळाच्या काठीतून हातात ते आलं. टक्. दगड. धडपडत पुढे जाऊन नांगर टाकेपर्यंत वाऱ्यानं बोट सरकवली होती. नांगर मागे आपल्या पायाशी आणून ठेवावा, हे काही त्याच्या मनात आलं नाही. नांगराची जागा पुढे होती.

दगड उलटून झाल्यावर तो शिशाचे मणी आणायला बर्निसकडे गेला. बर्निसचं आमिषांचं दुकान पेट्रोल पंपाला चिकटलेलं. एका फ्रीजमध्ये गांडुळं, दुसऱ्यात सँडविचं, आणि दोन्हींवर चिठ्ठ्या.

"यंत्र घे रे एखादं," ती नेहमीचं बोलली. "तळ दाखवतं, मासे दाखवतं, जागा लक्षात ठेवतं. तुझ्यापेक्षा बरं."

"यंत्राशी भांडता येत नाही."

"माझ्या नवऱ्याला विचार. रोज भांडतो."

आर्वोची नजर भिंतीवर गेली. तोच फोटो. बर्निसनं गल्ल्यावर कोपरं टेकली.

"तीन वर्षं बघतेय मी. त्या फोटोकडे असा बघतोस, जसं काही रिकनं तुझी बायको पळवलीय."

"कुठं धरला होता त्यानं तो?"

"हा? नदीच्या मुखाशी, धरणाखाली. मीच तर काढला फोटो. बोटीत पाय ठेवायला जागा नव्हती, माझ्या मांडीवर उडाला होता मेला. का रे?"

आर्वोनं मणी न घेताच दार उघडलं. मग परत आला आणि म्हणाला, "एक पास्टी दे. गरम."

मटण, बटाटा आणि कांदा भरलेली ती वीतभर करंजी कागदात गुंडाळून चाळीस मैल त्याच्या शेजारच्या सीटवर बसून आली.

डेन्झिलच्या खोलीला मोठी खिडकी होती. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसत होती, आणि तिच्यापलीकडे आणखी एक गाड्या लावायची जागा. डेन्झिल चाकाच्या खुर्चीत होता. हातापायांच्या काड्या झालेल्या, भुवया मात्र तेवढ्याच दांडग्या.

"कोण मेलं?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही."

"मग तू कसा आलास?"

आर्वोनं पास्टी पुढे केली. डेन्झिलनं टोक मोडलं, हुंगलं.

"गाजर."

"हीच होती शिल्लक."

"माझा पणजा कॉर्नवॉलहून येऊन इथल्या खाणीत उतरला, त्याच्या पास्टीत गाजर नव्हतं. तुम्ही फिनिश लोकांनी घुसवलं हे. चांगल्या घरात ससा सोडावा तसं." पण खायचं थांबला नाही.

"रिकनं तो मासा नदीवर धरला होता," आर्वो म्हणाला.

"ठाऊक आहे मला."

"मला आज कळलं."

"दुकान तुझ्या घरापासून दोन मैल. तीन वर्षं लागली. म्हणजे वर्षाला पाऊण मैलसुद्धा नाही."

"तू तेव्हा का नाही बोललास? एवढं घाण बोललो मी, आणि तू थर्मास उचललास. मला वाटलं, खरं आहे म्हणूनच गप्प बसलाय."

डेन्झिलनं बोटाला लागलेला बटाटा चाटला.

"बरं, जाऊ दे," आर्वो म्हणाला. "दहा तारखेला मला नेतायत मिलवॉकीला. एकदा जायचंय ओट्यावर. तुझी खूण सांग."

"खूण नाहीये."

"आता पुरे झाला हट्ट, डेन्झिल."

"अरे नाहीये म्हणजे नाहीये, लेका! आल्ग्रेनचं लाल कोठार होतं. डोंगरातल्या खिंडीच्या बरोब्बर खाली त्याची डावी भिंत आली की मी 'टाक' म्हणायचो. त्या वर्षी मे महिन्यात पाडलं ते. जुन्या फळ्या शिकागोचा कुणी हॉटेलवाला घेऊन गेला, भिंतीला ठोकायला. तिच्यासमोर बसून मासे खात असतील आता लोक."

"मला का नाही सांगितलंस?"

"मान वळवली असतीस तर दिसलं असतं. अख्खा उन्हाळा! दोन मजली कोठार नाहीसं झालं तुझ्या पाठीमागे."

"आपलं ठरलं होतं. तुझ्या बाजूला बघायचं नाही."

"हो. ठरलं तर होतं."

बाहेर एक गाडी मागे घेत होती आणि टूं टूं वाजत होती. ती थांबल्यावर डेन्झिलनं खुर्ची आर्वोकडे वळवली.

"बोट तुझी," तो म्हणाला. "मोटर तुझी. शिसं तू ओतायचास, नळ्या तू रंगवायचास. जागा धरून बोट न्यायचास तूच. माझ्याकडे काय होतं? ते कोठार. तेवढ्यासाठी पहाटे साडेपाचला तू माझ्या दारात भोंगा वाजवायचास. ते गेलं म्हटल्यावर कशाला आला असतास?"

आर्वोला बरंच काही म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते असं: "मग नांगर कुणी टाकला असता?"

"तेच तर," डेन्झिल म्हणाला.

पास्टी संपली. कागदाची घडी करून डेन्झिलनं ती मांडीवर ठेवली.

"कोठाराशेजारी दोन पॉपलर आहेत. नंतर मी त्यांच्यावर अंदाज बांधत होतो. पन्नासेक हात चुकत होतो. कुठल्या अंगाला, ते शेवटपर्यंत कळलं नाही."

"चल माझ्याबरोबर."

"बोटीत कसा घेशील? माशांच्या जाळीनं?"

"जाळी लहान पडेल."

डेन्झिल हसला आणि खोकला, आणि बराच वेळ खोकत राहिला. शेवटी परिचारिका पाणी घेऊन आली आणि आर्वोला म्हणाली, "आज एवढं पुरे, काका."

दोन दिवस वारा होता. तिसऱ्या सकाळी तलाव काचेसारखा पडला. आर्वोनं पूर्वेकडे तोंड करून चर्चचा सुळका बोटघराच्या धुराड्यावर आणून बसवला आणि बोट हाकली. मध्याजवळ आल्यावर मोटर बंद केली. मग तो उठला, लाकडी आडव्या फळ्या हाताने चाचपत, म्हाताऱ्या माणसासारखा बसत-उठत पुढच्या टोकाला गेला. डेन्झिलच्या जागी बसला. त्या फळीवर एक खोलगट भाग झाला होता, त्याच्या मापाचा नव्हता.

आणि त्यानं उत्तरेकडे पाहिलं.

तीस वर्षांत ही बाजू त्याला दिसली असेलच, पण त्यानं पाहिली नव्हती. मेपलची झाडं पेटली होती, पिवळी आणि लाल, थेट पाण्यापर्यंत उतरलेली, आणि पाण्यात ती पुन्हा उलटी. वर डोंगराला पडलेली खिंड, तिच्यातून आरपार आभाळ. कडेला शेवाळी खडकावर एक बगळा उभा होता. हे सगळं डेन्झिल रोज बघत होता आणि त्याच्या पाठीला पाठ लावून आर्वो एका धुराड्याकडे बघत होता.

कोठाराच्या जागी गवत होतं. शेजारी दोन पॉपलर.

पॉपलर खिंडीखाली आले तिथून त्यानं वल्ह्यांनी बोट पश्चिमेला नेली, मान वळवून सुळका सांभाळत, नळी तळावरून ओढत. चिखल हातात मऊ लागतो, ओल्या पोत्यावरून हात फिरवावा तसा. पन्नास हात. काही नाही. परत फिरला. पूर्वेला. मऊ, मऊ, मऊ. उन्हं वर आली. खांदे भरून आले. आता पुरे असं म्हणत असतानाच काठीच्या टोकातून ते आलं.

टक्. टक् टक्.

"टाक!" आर्वो ओरडला. नांगर त्याच्याच पायाशी होता. त्यानंच टाकला.

बोट थांबली. बगळा उडाला. मग नळी जड झाली आणि पाण्यातून पितळी अंगाचा बास उसळून डोकं झटकत परत पडला. आर्वोनं त्याला बोटीपर्यंत आणलं, खालच्या जबड्याला अंगठा लावून उचललं. लाल डोळा, अंगावर उभे गडद पट्टे. वळून दाखवायला गेला. मागची फळी रिकामी होती. मोटरवर ऊन पडलं होतं. त्यानं मासा सोडून दिला आणि ओले हात विजारीला पुसले.

दुपारी त्यानं आश्रमात फोन लावला. घरात भिंती उघड्या, खोकी दोरीनं बांधलेली. आवाज घुमत होता.

"सापडला?"

"पूर्वेला. चाळीस हात."

"पूर्वेला! आणि मी मूर्ख सबंध उन्हाळा तुला आणखी पश्चिमेला नेत होतो. मासा?"

"एक. तीन पौंडांचा. सोडला."

"रंग?"

"तपकिरी."

"हिरवा लावला असतास तर पाच पौंडांचा आला असता."

"ऐक आता," आर्वो म्हणाला. "तुझ्या बाजूला नवी खूण बघून ठेवलीय. गवतात गॅसची पांढरी टाकी आहे. तिचं उजवं टोक खिंडीखाली आलं की टाकायचं."

पलीकडे चाकाची खुर्ची करकरली.

"तू बघितलीस ती बाजू?" डेन्झिलनं विचारलं.

"बघितली. कधी सांगितलं नाहीस, ती अशी आहे म्हणून."

"तूच म्हणायचास, उत्तरेचं काही बोलायचं नाही. मेपल पेटलेत?"

"पेटलेत."

"टाकीचं परत सांग. हळू. पाठ करतोय."

आर्वोनं परत सांगितलं. डेन्झिलनं शब्दन् शब्द म्हणून दाखवला, गिरणीत पाळी बदलताना मोजमापं म्हणून दाखवायचे तसा.

"आता माझी बाजूही घे," आर्वो म्हणाला. "चर्चचा..."

"थांब! सांगू नकोस."

"आता कुणापासून लपवायचंय? तू तिथं, मी मिलवॉकीत."

"म्हणूनच. सगळं सांगून टाकलंस तर पुन्हा फोन कशाला करशील?" मागे कुणीतरी त्याला हाक मारत होतं. "जेवायला बोलावतायत. साडेचार वाजता! कोंबड्यांच्या वेळेला. ठेव आता."

फोन ठेवल्यावर घर एकदम मोठं झालं. स्वयंपाकघरात एकच खुर्ची बांधायची राहिली होती, टेबल केव्हाच गेलं होतं. आर्वोनं ती उचलली, उत्तरेच्या खिडकीशी नेऊन ठेवली आणि बसला.