बारा ते चार वाचनालय बंद राहील

दिवाळी अंक आणि किस्से, दोन्हींची खोड एकच. एक काढायला जावं तर वरचे वीस अंगावर पडतात, आणि रद्दीत द्यायचा जीव कुणाचाच होत नाही. आमच्या खासबागच्या वाचनालयात दोन्हींचे ढीग आहेत. अंक मी बांधतो. किस्से बांधून होत नाहीत, म्हणून सांगून मोकळा होतो.

आधीच सांगतो, यात भुतं आहेत. खरी. ज्यांचा विश्वास नाही त्यांनी दुपारी येऊन आमच्या लाल कपाटाला कान लावावा. आणि यात म्हातारे आहेत. रोज दोघांशीही संबंध येत असल्यामुळे माझं मत पक्कं झालंय. भुतं बरी. भूत निदान एकदा तरी मेलेलं असतं!

*

इंजिनिअरिंग मी तिसऱ्या वर्षाला सोडलं. इकडे सांबऱ्यात आमचे वडील, अण्णा, अजून लोकांना सांगतात, पोरगं 'गॅप'वर आहे. त्या गॅपमधे मी बुकबाइंडिंग शिकलो, कारण पुस्तक शिवायला ते वाचावं लागत नाही.

वाचनालयात पहिल्या दिवशी अध्यक्षांनी मला आत नेलं. अध्यक्ष म्हणजे डबल एम.ए., रिटायर्ड हेडमास्तर. माणूस रिटायर झालाय, आवाज नाही.

“हा विनायक,” ते म्हणाले. “इंजिनिअरिंग सोडून आलाय. अर्धवट.”

टेबलापाशी ग्रंथपाल बाई एका जाडजूड ग्रंथावर दोन्ही कोपरं रोवून उभ्या होत्या. त्रिशला चौगुले, निपाणीची. वयानं माझ्याएवढीच. आणि खालचा ग्रंथ चक्क गुरगुरत होता.

“ओ बाइंडर, ह्ये जरा दाबून धरा. मी दाभण आणते.”

“चावतंय काय?”

“तुमाला न्हाय चावणार. ह्ये फक्त डिग्रीवाल्यांना चावतंय.”

तेवढ्यात अध्यक्ष चष्मा सावरत वाकून बघायला आले. डबल एम.ए.! दोनदा चावलं.

शिक्षण सोडल्याचा काही फायदा असतो हे मला आजवर एकाही माणसानं सांगितलं नव्हतं. माझं मन तिथंच तिच्यावर बसलं. पण हे तिला सांगणं काही मला जमेना, आणि तिकडे निपाणीत तिचे आप्पा तिच्यासाठी स्थळं बघत होते. पुढच्या सगळ्या किश्शांत भुतं येतील-जातील, पण माझी भीती कायम ही एकच होती.

*

तिची शिकार करायची रीत समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही.

इथले मांत्रिक लिंबू कापतात, कोंबडं कापतात, गिऱ्हाइकाचा खिसा तर कापतातच. त्रिशला काहीच कापत नाही. घर जैन, त्यामुळे हिंसा बंद. तिचं म्हणणं, कायतरी अर्धं राहिलं म्हणून जीव अडकतो. मग त्याला पूर्ण होणारं कायतरी द्यावं. ती वाचायला लागली की भूत ऐकत ऐकत पुस्तकात शिरतं. मधेच पानांतून गळू नये म्हणून मी ते पुस्तक घट्ट शिवतो. मग ती रोज थोडं थोडं वाचते. शेवटचं पान ऐकलं की भूत सुटलं. गेलं. पुन्हा दिसत नाही. ज्यांची पुस्तकं संपायची आहेत ती मंडळी लाल कपाटात.

ते गुरगुरणारं भूत म्हणजे पीएचडी करता करता गेलेला एक गृहस्थ. दुसरं पुस्तक घ्यायला तयार नाही, स्वतःच्याच प्रबंधात बसलाय. तो प्रबंध शेवटपर्यंत वाचणं त्रिशलालाही जमलेलं नाही. आम्ही त्याला 'डॉक्टर' म्हणतो.

हे सगळं चालतं बारा ते चार, दारावर 'वाचनालय बंद राहील'ची पाटी लावून. मी एकदा विचारलं, “भुतं दिवेलागणीनंतर निघतात न्हवं?”

“माझं जेवण दिवस मावळायच्या आत असतंय,” ती म्हणाली. “त्यांनी ॲडजस्ट करायचं.”

केलं की भुतांनी ॲडजस्ट! आमच्या म्हाताऱ्यांना बारा वाजता पेपर खाली ठेवा म्हणून सांगा, पायावर पाय टाकून बसतात.

आणि तिची अहिंसा पुस्तकांपर्यंत जाते. अध्यक्षांनी एकदा खुणेसाठी पानाचा कोपरा दुमडला. तिनं त्यांना आठवडाभर पुस्तक दिलं नाही. “पानाला लागत न्हाय व्हय?” अख्ख्या गावाला दम देणारा माणूस, आठवडाभर खाली मान घालून नुसत्या लग्नाच्या जाहिराती वाचत बसला!

*

शाळेमागच्या पिंपळावर एक मुंजा होता. पोरगंच ते. खाली उभ्या असलेल्या सायकलींची हवा सोडायचं. अध्यक्ष हटून बसले, पोर आहे तर संस्कारक्षमच वाचायचं. स्वतः निवडून 'आज्ञाधारक बालके' का कायतरी आणलं.

पहिल्या बोधकथेला वरून एक काटकी आली. दुसरीला फांदी. तिसऱ्या कथेत बालकानं पहाटे उठून आजोबांचे पाय चेपले, आणि अध्यक्षांची टोपी थेट शेंड्याला!

त्रिशलानं पिशवीतून भिकार कागदावरची एक चोर-पोलिसांची गोष्ट काढली. मुंजा सरसर खाली आला, माझ्या मांडीपाशी बसला, आणि निम्म्यात विचारतो कसा, “दादा, चोर सापडत न्हाय न्हवं?”

“न्हाय सापडत रं,” मी म्हटलं. “तू ऐक.”

अध्यक्ष बोडक्या डोक्यानं म्हणाले, “आमच्या काळात भुतंसुद्धा संस्कारी होती.”

*

नंदगडच्या अलीकडे एक भाताची गिरणी आहे. तिथल्या भुताला सोडवायला गेलो, तर दारात गावचे दोन पुढारी उभे. एक म्हणतो भूत मराठी आहे, मराठीतच वाचा. दुसरा म्हणतो छे, ते कन्नडच, कन्नडमधनं वाचा. दोघं शेजारी-शेजारी राहतात, दोघांना दोन्ही भाषा येतात, आणि घरी दोघंही बायकोपुढं मुके.

त्रिशलाला दोन्ही सारख्याच येतात. दोन्हींतली पुस्तकं घेऊन ती बसली. पण ह्यांचा हिशेब सत्तर वर्षांमागं गेला, मग शिलालेखांवर आला. शेवटी गिरणीच्या पट्ट्यावरनं भूतच ओरडलं, “बाई, कुठल्याबी भाषेत वाचा! पण ह्या दोघांच्या आधी माझं संपवा!”

भूत महिन्याभरात सुटलं. ते त्या दिवशी नक्की कुठल्या भाषेत ओरडलं, यावरनं त्या दोघांचं अजून चालू आहे.

येताना गाडीवर ती मागं बसली होती. खानापूर रोडला म्हणाली,

“इचलकरंजीचं स्थळ आलंय.”

“काय करतोय?”

“सीए हाय.”

“हां.”

“हां काय?”

“पेट्रोल भरून घेऊया,” मी म्हटलं.

टाकी फुल होती.

*

आता आमचे अण्णा. शेतावरनं येताना त्यांच्या स्कूटरवर मागं एक खवीस बसला. धिप्पाड गडी. स्कूटर चढाला रडायला लागली. अण्णा म्हणाले, “सर्व्हिसिंगवाला चोर हाय.”

मी सांगितलं, “अण्णा, मागं खवीस बसलाय.”

“असलं काय नसतंय. इंजिनिअरिंग सोडलं की असलं दिसतंय.”

आणि सुरू. आम्ही कसे अनवाणी शाळेत गेलो, कंदिलाखाली कसा अभ्यास केला, आजची पोरं कशी, मोबाइल कसा. हे मी जन्मापासून ऐकतोय. पण खवीस बिचारा नवा होता. चार दिवस सकाळ-संध्याकाळ त्यानं ते स्कूटरवर ऐकलं. पाचव्या दिवशी स्वतःच चालत खासबागला आला, दारावरची पाटी बाजूला सारली आणि त्रिशलापुढं हात जोडून बसला.

ती वाचायला लागली, “फार वर्षांपूर्वी एका गावात...”

“ताई,” खवीस म्हणाला, “शेवटचं पानच आधी वाचा!”

अण्णा आता सगळ्यांना सांगतात, सर्व्हिसिंगवाला बदलला म्हणून स्कूटर सुधारली.

*

खवीस सुटला आणि जरा सवड मिळाली. एका दुपारी डबा खाताना त्रिशलानं विचारलं, “तुमी इतकी पुस्तकं शिवता. एक तरी वाचलंय काय?”

“न्हाय.”

“मग ऐका.” तिनं मीच शिवलेली एक जाडी कादंबरी काढली. कव्हर नसलेली आली होती, मी निळा कापडी पुठ्ठा घातला होता. एका घाटाखालच्या गावात मास्तरीण म्हणून आलेल्या मुलीची गोष्ट. घरचे बोलावतायत, गावात एक नावाडी आहे, तो काय बोलत नाही. (पहिल्या दिवसापासून मला त्या नावाड्याचा राग यायचा. मुका मेला!)

ती रोज दुपारी वाचायची. मी दाभण बाजूला ठेवून ऐकायचो. कपाटातली मंडळीही गप्प असायची.

मी बाइंडर आहे. मला पानं मोजावी लागत नाहीत, जाडी दिसते. तिच्या डाव्या हातातला गठ्ठा फुगत चालला होता, उजवीकडचा झिजत होता. आणि शेवटचं पान ऐकलं की काय होतं हे मी किती वेळा बघितलेलं! मुंजा गेला. गिरणीतला गेला. खवीस तर धन्यवाद म्हणून गेला. तिच्याकडनं शेवट ऐकून कुणी राहिलेलं नाही.

मग मी मुद्दाम उशिरा यायला लागलो. कधी डोकं दुखतंय म्हणायचो, कधी चिकटवायची खळ करपली म्हणायचो. ती फक्त बघायची आणि पुस्तक मिटून ठेवायची. “उद्या,” म्हणायची.

*

आणि एका दुपारी बंद दारावर दणका बसला. निपाणीचे आप्पा! तंबाखूचे व्यापारी, कडक इस्त्री, हातात गाडीची किल्ली.

“त्रिशला, चल. पाच वाजता इचलकरंजीची मंडळी घरी येणार हाईत.”

“आप्पा, बंद हाय आता.”

“साकु!” आप्पा कन्नडमधनं म्हणाले, “बास! लई झालं वाचनालय. बस गाडीत.”

ती उठली नाही. निळं पुस्तक तिच्या मांडीवरच होतं. “वीस पानं ऱ्हायल्यात. संपवते आणि येते. बसा.”

आप्पा बसले, पण खुर्चीच्या कडेवर. अध्यक्ष आणि पेपर न सोडणारे म्हातारे तर बारानंतरही होतेच. मी कोपऱ्यात. वीस पानं!

ती वाचू लागली. पहिल्या चार पानांना आप्पांची किल्ली खुळखुळत होती. मग मास्तरणीचे वडील तिला न्यायला आले आणि किल्ली थांबली. मग ती सामान बांधून नदीवर आली. आप्पांनी किल्ली खिशात घातली आणि चपला काढून मांडी घातली. एक म्हातारा खोकला.

“गप बसा हो!” आप्पा त्याच्यावर ओरडले. मग लेकीला म्हणाले, “जरा हळू वाच गं.”

मास्तरणीनं एक पाय नावेत ठेवला. मागं वळून बघितलं. त्रिशलानं पान उलटलं आणि थांबली.

“पुढं?” आप्पा म्हणाले.

“पुढं पान न्हाय.”

“न्हाय म्हणजे?”

सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली. अध्यक्ष गरजले, “अर्धवट! पान कुठं घालवलंस?”

“मी शिवलं तवा होतं,” मी म्हटलं. “शेवटचं पान मी स्वतः चिकटवलंय.”

“मग गेलं कुठं?”

“मी फाडलं,” त्रिशला म्हणाली.

अध्यक्ष मटकन खाली बसले. एका दुमडलेल्या कोपऱ्यासाठी आठवडाभर सोसलेला माणूस तो!

“म्हणजे तुला शेवट म्हाईत हाय,” आप्पा पुढं सरकले. “सांग की. ती पोरगी जाती का ऱ्हाती?”

“मी न वाचताच फाडलं, आप्पा.” ती माझ्याकडं बघत होती. “विनायकला विचारा.”

इतके दिवस मी नुसता 'बाइंडर' होतो.

आप्पा वळले. तंबाखूचा गठ्ठा पारखावा तसं त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. “काय रं? जाती का ऱ्हाती?”

“ऱ्हाती,” मी म्हटलं.

“कशावरनं?”

“तो नावाडी बोलला, आप्पा. उशिरा बोलला, पण बोलला.”

आप्पांनी एकदा लेकीकडं बघितलं, एकदा तिच्या मांडीवरच्या पुस्तकाकडं. मग त्यांनी खिशातनं फोन काढला. “हां, इचलकरंजी? आज जमायचं न्हाय. ...न्हाय, उद्याबी न्हाय.”

तेवढ्यात लाल कपाटातनं एक लांबलचक शिट्टी आली. डॉक्टर!

अध्यक्ष ताडकन उठले, कपाटाकडं बोट रोखलं आणि गरजले, “वाचनालयात शांतता राखा!”