बुरुजाची बुजवलेली भोकं

"साहेब, बुरुजाला पोट आलंय. लगेच या."

रहीमचाचांचा फोन आला तेव्हा मी चाकणच्या एका कंपनीच्या शेडवर होतो. चार दिवस पाऊस थांबला नव्हता. भिंतीला पोट येणं म्हणजे दगड बाहेरच्या बाजूला फुगणं. कारण मला विचारावं लागलं नाही.

मी सिव्हिल इंजिनीअर. त्याच कंपनीने सीएसआरच्या सामाजिक निधीतून जवळच्या भुईकोटाचा, म्हणजे सपाटीवरच्या किल्ल्याचा, एक बुरूज दुरुस्तीला घेतला होता. काम माझ्याकडे आलं. बुरूज बाहेरून घडीव काळ्या दगडाचा, आत माती आणि दगडगोटे ठासलेले. तोफेचा धक्का ती माती गिळायची. तिच्यात मुरलेलं पाणी निघून जावं म्हणून तळाशी लहान भोकं ठेवलेली. बांधणारे आमच्यापेक्षा शहाणे होते.

काम संपत आलं तेव्हा प्लांट हेड पाहणीला आले. शॉप फ्लोअरचं ऑडिट करावं तसा त्यांनी बुरूज पाहिला.

"ही भोकं कसली? गवत येतंय, ओघळ दिसतायत. शुक्रवारी हेड ऑफिसची व्हिजिट आहे. बंद करून टाका."

"सर, ती पाण्यासाठी आहेत."

"वर कोबा केलाय ना? मग पाणी आत येईलच कसं?"

चाचा पिढीजात गवंडी. थापी खाली ठेवून म्हणाले, "कोबा तडकतो साहेब. पाणी कुठूनबी शिरतं. त्याला भाईर जायाला जागा पायजे."

प्लांट हेड हसले. मी मान डोलावली. पुढच्या शेडचं काम त्यांच्याच हातात होतं. चाचांनी भोकं बुजवायला नकार दिला, तेव्हा मी दुसरा गवंडी लावून सिमेंटने बुजवून घेतली.

फोननंतर पोहोचलो तर चाचा फुगलेल्या भिंतीखाली बसून छिन्नीने एकेक भोक उकरत होते. मी त्यांना दंडाला धरून ओढलं. आम्ही जेमतेम बाजूला झालो आणि बुरुजाची ती बाजू खाली बसली. आतली माती चिखल होऊन वाहत आली. इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

"रिपोर्टात खरं लिवा," चाचा एवढंच म्हणाले.

मी कारण लिहिलं, अतिवृष्टी. प्लांट हेडनी त्याच दिवशी मंजूर केलं. पुढच्या शेडचं काम मला मिळालं. चाचा माझ्या साइटवर पुन्हा आले नाहीत.

आता नव्या इंजिनीअरांना मी सांगतो, वरिष्ठांचं पटलं नाही तर हरकत लेखी द्या. मी तर तोंडीही एकदाच घेतली होती.