गाठी वरच्या बाजूला

रंजू गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात सातवीचे पेपर तपासत होते. ती एटापल्लीकडच्या आश्रमशाळेत मुलींना खेळ शिकवायची, तिथल्याच एक बाई बोलत होत्या. ताप होता, मलेरिया डोक्यात गेला म्हणाल्या… पुढचं मी ऐकलंच नाही. फोन ठेवला आणि मैदानाला फेऱ्या मारत सुटले, साडी नेसलेली, पायात चपला. शिपाई मागून हाका मारत होता, "बाई, अवो बाई!" त्या फोनला आता दीड महिना झाला, पण पाय काही ठरत नाही. हे लिहितानाही मधेच उठते, पेला भरते, न पिता तसाच ठेवते. रंजू असती तर म्हणाली असती, "बस ना व एका जागी, माही नक्कल करून राह्यली का?" तिला म्हणण्याचा हक्क होता, कारण बसल्या जागी चैन न पडणं हा तिचा जन्माचा रोग. जेवायला बसली तरी तिच्या पायाची बोटं जमीन चाचपत असायची.

सिंदेवाहीकडचं आमचं गाव धानाचं. रंजूचं घर तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याशी, मासेमारीचं. नव्वदीच्या मध्यावर आम्ही दोघी बारावी झालो आणि पोलीस भरतीत मुलींनाही घेतात हे कळल्यावर रंजूनं सकाळी पाळीवर धावायला सुरुवात केली. मी तिची शेपटी. मला नोकरीची घाई नव्हती, तिला होती, कारण तिच्या माईनं सांगूनच टाकलं होतं, "यंदा लागली तं लागली, नाई तं पावनं पाह्यतो." त्यामुळे ती धावायची म्हणजे कुणी पाठीस लागल्यासारखी धावायची.

सुरुवातीला आम्ही अनवाणीच धावत होतो. रोवणीच्या चिखलात वाढलेले पाय, त्यांना काय होतं? पण पाळीवर बोरीचे काटे आणि गोखरू फार. म्हणून रंजूच्या मामानं तिला बाजारातून जाड तळव्याचे बूट आणून दिले. ते घालून ती पहिल्याच सकाळी बांधावरून घसरली ती थेट धानाच्या बांधीत, पाण्यानं भरलेल्या वाफ्यात. चिखलानं माखून वर आली आणि बूट काढून हातात घेत म्हणाली, "यात पाय आंधळा होते व. खाली काय हाये, समजतच नाई." मी हसून हसून खाली बसले, तर तिनं मलाही ओढलं चिखलात.

मग तिनं विळ्यानं बुटांचा तळवा सोलून काढला आणि वरचं कापड बाबांपुढे टाकलं. नथ्थुबाबा म्हणजे तिचे वडील. मितभाषी माणूस, दिवसभर जाळं विणत नाही तर सांधत बसलेले. त्यांनी ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर कापलं आणि जाळ्याच्या नायलॉन दोऱ्यानं, जाळ्याच्याच सुईनं ते कापडाला शिवलं. जोडे इतके पातळ, की पायाखाली धानाची काडी आली तरी कळावी. रंजू नाचलीच. पण बाबांना शिवणं ठाऊक होतं ते जाळ्याचं. जाळ्यात प्रत्येक घराला गाठ लागते, नाही तर एक दोरा तुटला की सगळं उसवतं. त्यांनी जोड्यालाही टाक्याटाक्याला गाठ मारली, आणि वरून सफाई दिसावी म्हणून सगळ्या गाठी तळव्याखाली घेतल्या. पाळीवरच्या ओल्या मातीत त्या गाठी रुतायच्या, पाय घसरायचा नाही. "पाह्य, बाबाचे जोडे," रंजू येईल त्याला पाय उचलून दाखवायची. त्या पावसाळ्यात आणि हिवाळ्यात ती ज्या वेगानं धावली, तसं कुणाला धावताना मी पुढं कधी पाहिलं नाही.

भरती गडचिरोलीला होती, भर उन्हाळ्यात. धाव मैदानावर असेल असं आम्ही धरून चाललो होतो. ती ठेवली डांबरी रस्त्यावर. नथ्थुबाबा डबा बांधून आमच्यासोबत एसटीनं आले होते आणि पुढच्या वळणावर झाडाखाली उभे होते. सुटलो तेव्हा रंजू सगळ्यांच्या पुढं. थोड्या वेळानं पाहते तर मी तिच्या बरोबरीला! मी, जी कधी तिच्या जवळपासही नसायची. मऊ मातीत रुतणाऱ्या गाठी डांबरावर कुठं जाणार? त्या आत, तिच्याच तळपायात शिरत होत्या. चेहरा पांढराफटक पडला होता.

"काढ ना व ते जोडे! अनवाणी पळ!" मी ओरडले.

"पुढं बाबा उभा हाये," ती म्हणाली.

बस, एवढंच. तशीच धावत राहिली. वळणावर तर बाबांकडे बघून हसली. मागच्या पोरी एकेक करून पुढं निघून गेल्या. नंतर नळावर तिनं पाय धुतले तेव्हा खालचं पाणी लाल झालं. बाबा डबा घेऊन येताना दिसले तसे तिनं ओले पाय जोड्यांत कोंबले. "त्याले सांगशील तं माही शपथ हाये तुले," म्हणाली. मी इतकी चिडले होते, की दोन घास खाल्ले नाहीत. तिनं मात्र पोटभर जेवून दाखवलं.

पुढच्या उन्हाळ्याआधी तिनं नवे जोडे शिवायला सांगितले. "बाबा, या खेपेस गाठी वरच्या बाजूनं घे. आता तशीच फॅशन हाये." बाबांनी काही न विचारता घेतल्या. पण पुन्हा भरती निघाली तोवर तिचं लग्न होऊन गेलं होतं. तो संसार टिकला नाही. त्याबद्दल ती बोलली नाही, मीही लिहिणार नाही. माहेरी परत आली ती पुन्हा धावायला लागली. चंद्रपूर, नागपूर, जिथं लांब पल्ल्याची शर्यत निघेल तिथं ट्यूबचे जोडे घालून ही हजर. लोक पायांकडे बघून हसायचे आणि शेवटी तिची पाठ बघत राहायचे. पुढं आश्रमशाळेतल्या पोरींनाही तिनं तसलेच जोडे घालून पळवलं. शिवायचे अर्थात नथ्थुबाबा.

मागच्या आठवड्यात मी गावी गेले. बसमध्ये एकच घोर होता. म्हातारा विचारेल का? त्या दिवशी पोरगी का हरली, हे आता सांगणारी मी एकटीच उरले होते. मी खोटं तयार करून ठेवलं होतं: फार ऊन होतं, बाबा, तिला भोवळ आली.

ते पाळीवर जाळं सांधत बसले होते. मी शेजारी बसले, उठले, पुन्हा बसले. त्यांनी एक गाठ आवळली. मग स्वतःच बोलले.

"गाठी वरून घे म्हणे. फॅशन! गाठीची कायची फॅशन येते व? मी तवाच समजलो का त्या दिवशी पोरीचे पाय कायनं सोलले. भरती गेली, मंग तसलं घर भेटलं तिले… सारं माह्या हातानं झालं."

माझं तयार खोटं तोंडातच राहिलं. "मग तिला कधी बोलला नाहीत, बाबा?"

"तिनं लपवलं, मंग म्या काऊन उघडं पाडू? मले मालूम नाई असं तिले वाटे, याच्यातच तिचं समाधान होतं." त्यांनी दोरा दातानं तोडला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं, घाबरल्यासारखं. "तू तं नाई ना सांगतलं तिले?"

"काय, बाबा?"

"मले मालूम होतं म्हून."

"नाई, बाबा. मलेच आत्ता समजलं."

"बरं झालं," ते म्हणाले. "उगीच मनाले लावून घेतलं असतं पोरीनं."