वरच्या धारेचं बी

खारोबाला झाडावर चढताना आयुष्यात कधी भीती वाटली नाही. त्याला धडकी भरली ती गुडघ्यालाही न लागणाऱ्या रोपांच्या एका वाफ्यासमोर.

खारोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. हा गडी खारीसारखा सरसर वर जातो म्हणून जंगलखात्यातल्या कुणीतरी ते ठेवलं, आणि ते असं चिकटलं की खरं नाव पगाराच्या दिवशीच कुणाला आठवायचं. तीस वर्षं त्याचं काम एकच. डोंगरावरच्या सुईपानी झाडांवर दोर लावून चढायचं, पिकलेली बोंडं तोडायची आणि पोत्याला त्या जागेच्या उंचीची चिठ्ठी तिथेच, झाडाखाली बांधायची. डोंगर उतरून बांधलेली चिठ्ठी चालत नसे. झाड एकाच जातीचं, बी दिसायलाही सारखं, भिंग लावलं तरी फरक कळायचा नाही. फरक असतो तो स्वभावात.

हे तो नव्या माणसांना मोठ्या तोऱ्यात सांगायचा. पायथ्याशी सदरा घामाने पाठीला चिकटतो. तासाभराच्या चढणीनंतर ढगांचा पट्टा लागतो, तिथे पाऊस नसतानाही मिशा ओल्या होतात आणि खोडांवर बोटभर शेवाळ असतं. त्याच्यावर डोंगराची धार, तिथे वारा उभं राहू देत नाही. आणि मधल्या खळग्यात धारेपेक्षाही जास्त गारठा, कारण रात्री थंड हवा उतारावरून ओघळत येते आणि तिथे साचून राहते.

"एका डोंगरावर चार गावांची हवा आहे," तो म्हणायचा. "वरच्या झाडांची पोरं शहाणी. थंडी यायच्या आधीच वाढ थांबवतात, शेंड्याचा डोळा घट्ट बांधून गप्प बसतात. खालची पोरं उनाड. दव गोठायला लागलं तरी वाढतच असतात. त्यांना वर नेऊन लावाल तर पहिल्याच थंडीत शेंडे जळतील."

इतकं सगळं कळणाऱ्या या शहाण्याने तीन वर्षांपूर्वी वरच्या धारेचं पोतं पायथ्याशी भरलं.

त्या दिवशी ढगांच्या पट्ट्यातच त्याला गरगरलं. झाडावर नव्हे, साध्या पायवाटेवर. दगड धरून बसला, उठला, पुन्हा तेच. हे कुणाला कळलं तर हातातला दोर जाणार, एवढं एकच त्याच्या डोक्यात आलं. तो मागे फिरला, खालच्याच झाडांची बोंडं भरली आणि चिठ्ठीवर धारेची उंची लिहिली. पुढल्या वर्षी गुडघ्याचं निमित्त काढून त्याने धारेचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घातलं आणि स्वतः पायथ्याची झाडं धरली. एकच पोतं तर होतं, असं तो मनाला समजावत राहिला.

ते पोतं ज्या रोपवाटिकेत गेलं तिची प्रमुख होती त्याची मुलगी.

आता त्या बियांची चार हजार रोपं झाली होती आणि वणव्यात जळालेल्या वरच्या धारेवर ती लावायची होती. उन्हाळा-पावसाळा सरून हवेत गारवा येऊ लागला होता.

"बाबा, वाफा पाहिलात?" मुलगी म्हणाली. "दरवर्षीपेक्षा चार बोटं उंच. साहेब म्हणाले, अशी तरारलेली रोपं पाहिली नव्हती."

खारोबाने एका शेंड्याला हात लावला. मऊ, हिरवागार, वाढीला लागलेला.

"डोळे मात्र अजून बांधलेले नाहीत," ती म्हणाली. "यंदा उकाडा लांबलाय, म्हणून असेल."

"असेल," खारोबा म्हणाला, आणि त्या एका शब्दाने त्याची भूक गेली.

मग तो रोज काहीतरी निमित्त काढून वाफ्याशी जायचा आणि शेंडे चाचपायचा. धारेवर पहाटे पारा किती उतरला ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा. पारा रोज उतरत होता, शेंडे रोज वाढत होते. थंडी लवकर पडावी आणि इथेच सगळं जळून जावं, म्हणजे हवामानाच्या नावाने खापर फोडता येईल, असंही एकदा त्याच्या मनात आलं. मुलीने बोटं सोलवटेपर्यंत निंदलेला वाफा होता तो. त्याला स्वतःचीच किळस आली.

लागवडीच्या दिवशी सकाळी फाटकाशी ट्रक लागला. ट्रे चढू लागले. मुलीने टेबलावर कागद घेतला. बियांचं मूळ ठिकाण: वरची धार. खाली तिची सही हवी होती. तिने पेनाचं टोपण काढलं.

"सही करू नकोस," खारोबा म्हणाला.

"का?"

"ते बी धारेवरचं नाही. मी वर गेलोच नव्हतो."

तिने पेन खाली ठेवलं. मग उठून बाहेर गेली आणि ट्रक थांबवला. धार आणखी एक वर्ष उजाड राहणार होती आणि साहेबांना तोंड तिलाच द्यायचं होतं. परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"का गेला नाहीत?"

"चक्कर आली. वाटेतच."

"त्यानंतरची पोती? मागच्या वर्षीची, यंदाची?"

"ती खरी आहेत. पायथ्याचीच, चिठ्ठीत लिहिलंय तशी. मी स्वतः चढून बोंडं तोडलीत, तुझी शपथ."

"साठ फुटांवर?" तिचा आवाज फाटला. "चक्कर येत असताना?"

रोपांबद्दल काय काय विचारतील याची उत्तरं त्याने कितीतरी दिवस मनात घोळवली होती. हा प्रश्न त्यांत नव्हता.

"आणि पडला असतात तर? तेही मला एखाद्या चिठ्ठीवरूनच कळलं असतं?"

बाहेर ट्रे उतरवल्याचे आवाज येत होते. तिने खुंटीवरचा त्याचा दोर काढला, टेबलाच्या खणात ठेवला आणि कुलूप लावलं. मग कागदावरचं 'वरची धार' खोडून तिथे 'पायथा' लिहिलं, सही केली आणि त्याला म्हणाली, "चला, आधी डॉक्टरकडे."