काकांचा जुना एडिटर

"चालवून बघितलंस का गो?" हा काकांचा प्रश्न फक्त प्रोग्रामपुरता नव्हता. नागावच्या आमच्या छोट्या ऑफिसात नवा पंखा आला तेव्हा त्यांनी हेच विचारलं. माझं लग्न ठरलं तेव्हा पेढा खाता खाता नवऱ्या मुलाबद्दलही हेच.

आम्ही होमस्टेंच्या बुकिंगचे प्रोग्राम लिहायचो. काका पन्नाशी उलटलेले, चौलहून स्कूटरवर यायचे. कोड लिहायला त्यांचा एक जुना, कळकट दिसणारा एडिटर होता. अर्ध्या पडद्यावर लिहायचं, अर्ध्यावर उत्तर. एक ओळ लिहिली की तेवढीच चालवायची, उत्तर बघायचं, मगच पुढची. आमटी चाखत चाखत करावी तसं. आम्ही बाकीचे दोनशे ओळी लिहून एकदम चालवायचो आणि तोंडावर आपटायचो. असा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल, आणि तुम्हीही त्याला हसत असाल.

एकदा माझ्या प्रोग्रामने एकच खोली दोन कुटुंबांना दिली. काकांनी सगळ्यांसमोर एकेक ओळ चालवून चूक शोधली. "बाय, ही ओळ तू एकदाही चालवली नाहीस," ते म्हणाले. खरंच होतं ते. म्हणून तर जास्त झोंबलं.

पुढे मालकांनी ठरवलं, सगळ्यांनी एकच नवा एडिटर वापरायचा. महिन्याभरात ज्याला जमणार नाही, त्याने गिऱ्हाइकांचे फोन घेत बसायचं. काकांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "यात एक ओळ चालवता येते का? तेवढं असलं तर माझं भागेल."

येत होती. दोन कळा एकत्र दाबायच्या, बस. मला ते ठाऊक होतं.

"नाही काका. यात सगळी फाइलच चालवावी लागते."

पंख्याचासुद्धा भरवसा न धरणारा हा माणूस, पण माझा शब्द त्यांनी चालवून बघितला नाही.

महिनाभर ते एका ओळीसाठी सगळा प्रोग्राम चालवत बसले. दर वेळी तपासणीसाठी खोटी बुकिंगं पहिल्यापासून भरायची, थांबायचं, चुकलं की पुन्हा भरायची. ऑफिस हसायचं. सगळ्यात मोठ्याने मी.

शेवटी मालकांनी त्यांना समोर बसवून अर्ध्या तासाचं काम दिलं. काका घामेजलेले तळहात पँटला पुसत होते. मी त्यांच्या खुर्चीमागेच उभी होते. वाकून दोन कळा सांगितल्या असत्या तर त्यांची खुर्ची वाचली असती. मी घड्याळाकडे बघत राहिले. अर्ध्या तासात त्यांच्या कामाचा तिसरा हिस्साही झाला नाही.

"पोरीने नीट शिकवलं हो," ते मालकांना म्हणाले. "माझंच डोकं आता चालत नाही."

मग ते गॅलरीतल्या टेबलाशी बसून गिऱ्हाइकांना फोनवर सांगू लागले, समुद्र किती लांब, जेवणात मासे मिळतील का. सहा महिन्यांनी यायचे बंद झाले. कोणी चौकशी केली नाही. मी तर नाहीच.

आता मी एकेक ओळ चालवत काम करते. माझ्या चुका जवळपास थांबल्यात. परवा मालकांनी गिऱ्हाइकासमोर माझं कौतुक केलं आणि विचारलं, "ही सवय तुला लावली कोणी?"

"कोणी नाही," मी म्हणाले. "माझी मीच लावून घेतली."