पट्ट्यांची साडी

नवऱ्याचं नाव घ्यायची आम्हा जुन्या बायकांना सवय नाही, पण सांगते: अनंतराव. झाशीत मुकेशजींचं ट्रॅक्टर-जीपच्या पार्ट्सचं दुकान आहे, तिथलं गोदाम हे चौतीस वर्षं सांभाळतात. लांबच्या गरौठा गावाहून कुणी नुसता तुटका तुकडा घेऊन आला, तरी हे तो हातात घेऊन सांगायचे, कुठल्या गाडीचा आणि नवा कुठल्या फळीवर आहे ते.

यंदा होळीनंतर दुकानात स्कॅनर आला. खोक्यावरच्या काळ्या रेघांवर लाल उजेड धरायचा, टुंई वाजलं की माल कॉम्प्युटरात चढला. मला वाटलं, साठीतला माणूस, कुरकुर करेल. कसलं काय! पेढे घेऊन आले. "भानू, आता नंबर वाचायची कटकट गेली." मी म्हटलं, पेढे बरे आहेत. माझं डोकं तेवढंच चाललं.

तोंड मात्र दिवसभर चालू. यांचा पेल्याला धक्का, उंबऱ्याला ठेच, अंगात उलटा सदरा. "डोळे फुटलेत का तुमचे?" दिवसातून चारदा म्हणायची मी. जळो माझी जीभ.

वर्षाच्या मोजणीच्या दिवशी हे डबा विसरले. तणतणत मी दुकान गाठलं. अंगावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची साडी. गोदामाच्या बोळीत हे समोरून आले आणि स्कॅनर थेट माझ्या पोटावर धरला. मला वाटलं, चेष्टा करतायत. इश्श, तीही दुकानात! तेवढ्यात पुटपुटले, "पट्ट्या तर आहेत. वाजत का नाही मग?"

यांना मी दिसतच नव्हते.

काउंटरवरून मुकेशजी ओरडले, "भैया, रुक क्यों गए?" त्यांना कळलं असतं तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं, आणि गोदामाशिवाय हा माणूस जगायचा नाही. मी शेजारचं खोकं उचललं, त्याच्या रेघा लाल उजेडाखाली धरल्या. टुंई. "हां, झालं," हे म्हणाले. मी दुसरं उचललं. मग तिसरं. डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता.

विसाव्या-बाविसाव्या खोक्याला हे वाकले आणि हळूच म्हणाले, "गोड्या मसाल्याचा वास या दुकानात दुसऱ्या कुणाच्या हाताला येणार? दमलीस. बस जरा."

"केव्हापासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून."

"अहो, मला नाही सांगायचं?"

"रोज तर विचारायचीस," हे म्हणाले. "हो म्हणायचा धीर होत नव्हता."