खुंटीवरची पिशवी

पोंभुर्ण्याच्या देवाजीच्या घरात, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली एक खाकी पिशवी खुंटीला टांगलेली असे. तिच्यात दोन लुगडी, मेणकापडात गुंडाळलेली प्रमाणपत्रं, खडूंचा डबा, टॉर्च आणि त्याच्या मुलीने, सत्यशीलाने, मांजरपाटाला काळा रंग देऊन स्वतः तयार केलेला गुंडाळी फळा होता. ती डी.एड. झाल्यापासून पिशवी भरलेलीच होती. देवाजीची तशी सक्तच ताकीद होती. तरुणपणी लाकडाच्या डेपोवर चौकीदाराची जागा त्याला चालून आली होती. कपडे आणायला तो घरी गेला आणि परतेपर्यंत दुसराच माणूस तिथे बसला होता.

शेजारची रंभाबाई पाण्याला जाता-जाता रोज विचारायची, "काऊन वं सत्या, आज तरी सासरी चालली का?"

"नाई मावशी. नवरीनं वरात पायली नाई अजून," सत्यशीला हसून म्हणायची. हसू तोंडावरचंच असे. वर्ष उलटून गेलं होतं.

चौऱ्याऐंशीच्या मार्चात एसटीचा कंडक्टर देवराव पानठेल्यावर सांगू लागला, "धानोऱ्याच्या पल्याड एका शाळेतला मास्तर घरी गेला तो वापस आलाच नाई. त्या शाळेच्या संस्थेचे गुणवंतराव आज गडचिरोलीच्या स्टँडवर हायेत. माणूस पायजे त्याईले."

गावात डी.एड. झालेली आणखी दोन पोरं होती. एक म्हणाला, उद्या जातो. दुसऱ्याची प्रमाणपत्रं मामाकडे बल्लारपूरला होती. सत्यशीलाने खुंटीवरची पिशवी काढली आणि देवरावच्याच गाडीत जाऊन बसली.

संध्याकाळी गुणवंतरावांनी प्रमाणपत्रं चाळली. "ठीक. केव्हापासून येता?"

"आलीच आहे, सर. सामान हे."

पिशवीकडे पाहून ते थोडं हसले, पण पुढचं बोलणं रोखठोक होतं. पट कागदावर भरपूर, वर्ग मात्र रिकामा. "महिनाअखेर मी येईन. मुलं बसलेली दिसली तर जागा तुमची. नाहीतर शाळाच बंद करावी लागेल."

पहिल्या सकाळी तिने सातला घंटा वाजवली. एक बकरी दाराशी येऊन निघून गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिने गावातल्या झिंगूला विचारलं, "दादा, पोरं कुठी गेली?"

"मोहावर. फुलं पडून राह्यली ना, बाई. पहाटे नाई वेचली तं ढोरं खाते. जुना मास्तर घंटा वाजवूवाजवू थकला."

सत्यशीलाला स्वतःचाच राग आला. लहानपणी आईबरोबर हीच फुलं तिने वेचली होती आणि इथे येऊन घंटेपाशी बसून राहिली होती.

तिसऱ्या दिवशी अंधार विरळ होताच ती टोपली घेऊन झिंगूच्या झाडाखाली गेली. जोहार घातला आणि बायकांबरोबर फुलं वेचू लागली. बाया आधी बिचकल्या, मग हसल्या. "मास्तरीन वाकते तं चांगली," एक म्हणाली. ऊन चढलं, टोपल्या भरल्या, तेव्हा तिने पिशवीतून फळा काढून मोहाच्या फांदीला बांधला. पोरांनी दहा-दहा फुलांचे ढीग मांडले. बेरीज त्या ढिगांवरच शिकली. मग शेजारच्या झाडाखालची पोरं आली, मग पल्याडच्या.

गुणवंतराव ठरल्याप्रमाणे आले. शाळेला कुलूप. कपाळाला आठ्या घालून ते परत फिरणार, तेवढ्यात रानातून एका सुरात पाढे ऐकू आले. आवाजाच्या मागे गेले तर झाडाखाली सगळा पट बसलेला, मध्ये काळं कापड झुलत होतं.

"ही शाळा आहे की बाजार?" त्यांनी विचारलं.

सत्यशीलाने काही म्हणायच्या आत झिंगूची पोरगी बुधरी उभी राहिली आणि सातचा पाढा न अडखळता म्हणून बसली.

गुणवंतरावांनी फांदीवरच्या फळ्यावरून हात फिरवला. मग चपला काढून मुलांमध्ये बसले. "चालू द्या, बाई. मोह सरेपर्यंत शाळा इथेच. नेमणुकीचा आदेश संध्याकाळी देतो."

मे महिन्यात ती घरी आली, हातात नवी पत्र्याची पेटी. रंभाबाई पाणी टाकून धावत आली.

"काऊन वं, पिशवी कुठी हाय?"

"शाळेतल्या खुंटीले, मावशी," सत्यशीला म्हणाली. "रिकामी."

देवाजीने भिंतीवरची ती खुंटी उपटली आणि अंगणात टाकून दिली.